लुआंग प्रबांग : मैत्रिणीबरोबर निवांत बसायचं गाव

दोन मैत्रिणी पाठीला सॅक लावून निघाल्या की सुरुवातीला गप्पांना नुसता ऊत येतो आणि मग काही आठवड्यांत त्या गप्पा कधी आटतात ते कळतच नाही. भांडण वगैरे काही झालेलं नसतं. पण बोलणं उरतं ते सगळं कामाचं. पासपोर्ट घेतलास का, चार्जर कुठंय, सुटे आहेत का तुझ्याकडे, उद्या चेकआऊट किती वाजता, बस स्टँडपर्यंत चालत जायचं की टुकटुक करायची. रात्री डॉर्ममध्ये ती वरच्या बंकवर, मी खालच्या, दोघींच्या तोंडावर फोनचा उजेड आणि दोघी पुढच्या गावातलं हॉस्टेल शोधतोय. उत्तर थायलंडमध्ये आमचं अगदी असंच झालं होतं, कॉलेजपासूनची मैत्री आणि आम्ही एकाच प्रोजेक्टवर टाकलेल्या दोन सहकाऱ्यांसारख्या वागत होतो. लाओसमधल्या लुआंग प्रबांगबद्दल मला लिहायचंय ते याच्यासाठी. तिथे आम्ही परत एकमेकींशी बोलायला लागलो, आणि त्यात त्या गावाचा हात फार मोठा आहे.

सुरुवात खरं तर बोटीतच झाली. थायलंडच्या च्यांग खोंगवरून पुलाने पलीकडे लाओसमधल्या ह्वे साय ला जायचं आणि तिथून मेकाँग नदीतून स्लो बोट पकडायची, दोन दिवसांचा प्रवास, मधली रात्र पाकबेंग नावाच्या छोट्याशा गावात काढायची. स्पीड बोट पण असते पण ती मला मुळीच पटत नाही, खडकांनी भरलेल्या नदीतून डोक्यावर हेल्मेट घालून सुसाट जायचं कशाला. स्लो बोट म्हणजे लांबलचक अरुंद लाकडी होडी, आत जुन्या गाड्यांतून काढून आणलेल्या सीट्स ठेवलेल्या, मागे इंजिन धडधडतंय, त्यामुळे जागा पकडायची तर पुढची पकडा. दोन्ही बाजूंना डोंगर, पाण्यातून वर आलेले काळे खडक, पाणी उतरल्यावर उघडी पडलेली वाळू आणि त्या वाळूतच लोकांनी केलेली छोटी छोटी शेतं. मधेच बोट काठाला लागते, कुणीतरी तांदळाचं पोतं घेऊन उतरतं, एखादी आजी कोंबडी घेऊन चढते, परत बोट निघते. फोनला रेंज येऊन जाऊन. पहिल्या दिवशी आम्ही दोघी तीन तीन मिनिटांनी फोन काढून बघत होतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन सॅकमध्ये गेले होते आणि मैत्रीण माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

बोट आता गावात लागत नाही, साधारण दहा किलोमीटर अलीकडे धक्का आहे, तिथून टुकटुकने गावात यायचं. आणि गाव बघितल्या बघितल्या कळतं की हे वेगळं प्रकरण आहे. मेकाँग आणि नाम खान अशा दोन नद्या जिथे मिळतात तिथे जमिनीची एक जीभ तयार झालीये, त्याच्यावर जुनं शहर. लांबी चालायला लागलं तर निवांत अर्ध्या तासात संपेल एवढी. मधे फूसी नावाची टेकडी, दोन्हीकडे नदी, आणि गल्ल्यांमधून देवळं, बौद्ध देवळाला तिथे 'वाट' म्हणतात, उतरत्या छपरांची, एकावर एक टाकलेली छपरं जमिनीकडे झुकलेली. त्याच्याशेजारी फ्रेंचांच्या वेळची दुमजली घरं, लाकडी शटर्सच्या खिडक्या. १८९३ ते १९५३ फ्रेंच इथे होते. १९९५ मध्ये युनेस्कोने अख्खं गाव जागतिक वारशात घेतलं, त्यामुळे उंच इमारती नाहीत, मोठ्या बस आणि ट्रक जुन्या भागात येत नाहीत. शांतता तिथे नुसती हवेत नाहीये, ती नियम करून राखलेली आहे, आणि मला हे फार आवडलं. निवांतपणा आपोआप होत नाही कुठेच, कुणीतरी ठरवून वाहनं बाहेर थांबवावी लागतात तेव्हा होतो.

मैत्रिणीने पहिल्याच संध्याकाळी वहीत यादी काढली होती, काय काय बघायचं. मी वाचली आणि म्हटलं, "अगं दिवसाला एक करू. एकच." ती म्हणाली, "आणि बाकीचा वेळ?" म्हटलं, "बाकीचा वेळ बसू." तिने थोडा वेळ विचार केला आणि वही मिटली. बस, एवढाच नियम. आणि तो नियम त्या गावात पाळता येतो कारण तिथला दिवसच तसा आहे, पहाट फार लवकर होते, दुपारी सगळं सुस्तावतं, आणि रात्र अकरा साडेअकराला संपते.

पहाटेचं सांगते. उजाडायच्या आधी भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात, त्याला ताक बात म्हणतात. अनवाणी, भगवे कपडे, सगळ्यात पुढे वयाने मोठे आणि मागे मागे लहान होत जाणारी पोरं, शेवटचा तर दहाबारा वर्षांचा असेल. गावातले लोक फुटपाथवर चटई टाकून बसलेले असतात, मांडीवर वेताची टोपली, त्यात गरम चिकट भात, प्रत्येक भिक्षूच्या पात्रात चिमटीभर गोळा. कुणी बोलत नाही. आणि रांगेच्या शेवटी गरीब घरातली मुलं टोपल्या घेऊन बसतात, भिक्षू त्यांच्या टोपलीत आपल्यातलाच भात घालत पुढे जातात, हे बघून मला फार भरून आलं. मुख्य रस्त्यावर मात्र बघवत नाही, लोक फ्लॅश मारत भिक्षूंच्या तोंडासमोर फोन धरतात, काही जण तर रांगेत घुसून सेल्फी. हे चूक आहे. जागोजागी बोर्ड लावलेत, लांब उभे रहा, खांदे गुडघे झाका, फ्लॅश नको, स्वतः श्रद्धेने दान करणार नसाल तर मधे येऊ नका. आम्ही एका मागच्या गल्लीत गेलो, भिंतीला टेकून रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो, फोन खिशातच. थंडी होती चांगलीच, डिसेंबर जानेवारीत सकाळी नदीवरून धुकं येतं आणि स्वेटर लागतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या गल्लीत एक आजी एकटीच बसली होती, तिचं वाटून झालं तशी तिने उरलेल्या भाताचे दोन तीन कण भिंतीच्या कडेला ठेवले, हात जोडले, चटई गुंडाळली आणि घरात गेली. रोजचं काम.

मग कॉफी. मेकाँगच्या काठाने छोट्या टपऱ्या आहेत, काचेच्या ग्लासात खाली घट्ट कंडेन्स्ड मिल्कचा पांढरा थर आणि वर काळी लाओ कॉफी, ढवळायच्या आधी दोन थर स्पष्ट दिसतात. कॉफी दक्षिणेकडच्या बोलावेन पठारावर पिकते. सोबत बागेट, फ्रेंच गेले पण पाव राहिला. एकदा बसलो की कुणी उठवत नाही तिथे, बिल आणून ठेवत नाहीत, दुसरी कॉफी घेणार का म्हणून टोचत नाहीत. आम्ही आठ वाजता बसायचो आणि उठायला अकरा. सुरुवातीला मैत्रिणीचा पाय टेबलाखाली सतत हलत असायचा. तिसऱ्या चौथ्या सकाळी बघितलं तर पाय शांत.

दुपारी आमच्या गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात. नाम खानच्या बाजूची खोली घेतली होती, थोडे पैसे जास्त गेले पण डॉर्म सोडून खोली घेणं हा त्या सगळ्या ट्रिपमधला आमचा उत्तम निर्णय. जिच्याशी गप्पा मारायच्यात तिच्याबरोबर बाकीच्या आठ लोकांच्या खोलीत राहून कसं जमणार. व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या, खाली हिरवी नदी, आणि समोर बांबूचा पूल. हा पूल मला इतका आवडला की किती वेळ नुसता बघत बसायचे. दरवर्षी पावसाळा संपून पाणी उतरलं की तो नव्याने बांधतात, बांबूचे खांब, वर बांबूचीच विणलेली पट्टी, पाय टाकला की किंचित खाली दबणारी, आणि पावसाळ्यात पाणी चढायच्या आधी काढून टाकतात. पुढच्या वर्षी परत. पलीकडे जायला काही हजार किप घेतात आणि त्याच पैशातून पुढचा पूल होतो. हजार ऐकून घाबरू नका, एका डॉलरला वीस हजारांच्या वर किप मिळतात, एटीएममधून काढले की नोटांची गड्डी हातात येते आणि शून्यं मोजता मोजता वेळ जातो.

गावात काय बघितलं ते थोडक्यात. फूसी टेकडीवर सूर्यास्ताला तुडुंब गर्दी असते, सकाळी जा, ३२८ पायऱ्या आहेत, वर १८०४ सालचा सोनेरी स्तूप. राजवाडा १९०४ मध्ये बांधलेला, १९७५ ला राजेशाही गेली, आता म्युझियम आहे, आणि त्याच आवारातल्या मंदिरात फ्रा बांग ही उभी बुद्धमूर्ती, जिच्यावरून गावाचं नाव. हे सगळं छान आहे पण मनात राहिलं ते वाट स्येंग थोंग. जिभेच्या टोकाला, दोन नद्यांच्या संगमाजवळ, सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिराथने बांधलेलं. मुख्य मंदिराच्या मागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचं मोठं झाड आहे, लाल भिंत आणि त्यावर चमकणारं झाड, त्याच्या जवळच एक छोटं गुलाबी-लाल मंदिर, त्याच्या बाहेरच्या भिंतींवर रंगीत काचेची गावातली दृश्यं. ही काचेची चित्रं १९५० च्या दशकाच्या शेवटी, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं झाली म्हणून लावली. एवढंसं मंदिर आणि आम्ही दोघी त्याच्याभोवती किती वेळ फिरत होतो, ही बघ ही झाडावर चढलीये, हा बघ हा कुठे निघालाय, प्रत्येक चिमुकल्या माणसाची गोष्ट जुळवत. लहानपणी आपण असं करतो, मोठेपणी मैत्रिणीबरोबर असं करायला मिळणं फार दुर्मिळ.

खाण्यावर एक परिच्छेद होणारच. चिकट भात, खाओ निआओ, झाकणाच्या छोट्या वेताच्या टोपलीत येतो, हाताने गोळा करायचा, बोटांनी दाबून घट्ट करायचा आणि झणझणीत जेओमध्ये, म्हणजे तिथल्या चटणीत, बुडवायचा. लुआंग प्रबांगची खास गोष्ट म्हणजे कायपेन, नदीतलं शेवाळ वाळवून त्याचे पातळ कागदासारखे तुकडे, वर तीळ, टोमॅटो, लसूण, आणि गरम तेलात क्षणभर तळलेले. शेवाळ ऐकून मैत्रिणीने नाक मुरडलं होतं, नंतर दुसरी प्लेट तिनेच मागवली. त्याच्यासोबत जेओ बोंग नावाची गोडसर तिखट मिरचीची चटणी येते, पण शाकाहारी असाल तर विचारून घ्या कारण पारंपरिक जेओ बोंगमध्ये म्हशीच्या कातडीचे तुकडे असतात. तसंच पपईच्या सॅलडमध्ये पादेक, म्हणजे आंबवलेल्या माशाचं पाणी असतं, नको असेल तर आधी सांगायचं, लोक आनंदाने वेगळं करून देतात. संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून आत एका बोळात खायच्या गाड्या लागतात, तिथे भाज्या आणि नूडल्सचे डोंगर मांडलेले असतात, बॅकपॅकर लोकांचं अर्धं पोट तिथेच भरतं.

आता वाफेची गोष्ट. गावात रेड क्रॉसचं एक जुन्या लाकडी घरातलं हर्बल सॉना आहे, अगदी साधं, स्पा वगैरे म्हणायचं नाही त्याला. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी. कपडे बदलायचे, लुंगीसारखं एक कापड गुंडाळायचं आणि त्या अंधाऱ्या खोलीत शिरायचं. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, नुसती गरम वाफ आणि गवती चहा, पानं, मुळं असं काय काय उकळल्याचा वास, नाक एकदम मोकळं. मग हळूहळू कळतं की समोरच्या बाकावर तीन चार लाओ बायका बसल्यात, आरामात गप्पा चालल्यात. पाच मिनिटांत बाहेर यायचं, पायरीवर बसून कोमट चहा प्यायचा, घाम वाळला की परत आत. असं करत करत दोन तास. सॅक उचलून उचलून माझा उजवा खांदा कायमचा दगड झाला होता, तो त्या दिवशी सुटला. आणि मैत्रीण, जिला घाम आवडत नाही, गरमी आवडत नाही, अनोळखी लोकांत कापड गुंडाळून बसणं तर अजिबातच आवडत नाही, ती बाहेर पायरीवर डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "ए, मला आत्ता कुठेच जायचं नाहीये." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

संध्याकाळचं एक वेड लागलं होतं आम्हाला, पेतांक. हा पण फ्रेंचांचाच खेळ, पण लाओ लोकांनी तो पूर्ण आपला केलाय, घरामागे, दुकानाशेजारी, जिथे जरा सपाट मातीची जागा आहे तिथे कोर्ट. जड लोखंडी गोळे आणि एक छोटा लाकडी गोळा. लाकडी गोळा पुढे टाकायचा आणि आपला लोखंडी त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा, दुसऱ्याचा गोळा उडवायचा असेल तर उडवायचा, १३ पॉईंट झाले की डाव संपला. आम्ही कुंपणाबाहेर उभ्या राहून बघत होतो तर आतल्या काकांनी हाताने खूण करून बोलावलं. भाषा शून्य. त्यांनी मैत्रिणीचा हात धरून पालथा केला, म्हणजे तळवा खाली, गोळा वरून धरायचा आणि सोडताना मनगटाला किंचित झटका द्यायचा, मग तो पडला की घरंगळत लांब जात नाही, जागीच थांबतो. दहा वेळा दाखवलं त्यांनी, जराही न कंटाळता. डाव झाला की बर्फ घातलेल्या ग्लासात बिअरलाओ, सगळ्यांनी मिळून एकेक बाटली, ग्लास रिकामा झाला की शेजारचा भरतो. अंधार पडला तसा एक दिवा लावला आणि खेळ चालूच. मैत्रिणीचा एक गोळा लाकडी गोळ्याला चिकटून थांबला तेव्हा अख्खं कोर्ट ओरडलं आणि त्या काकांनी तिला टाळी दिली. कुठल्याही तिकिटाच्या जागेपेक्षा त्या मातीच्या कोर्टावरच्या संध्याकाळी मला जास्त प्रिय आहेत.

एका सकाळी सायकली घेऊन नाम खान ओलांडून बान शांग खोंगला गेलो, विणकरांचं आणि कागद बनवणाऱ्यांचं गाव आहे, सायकलने सहज जाता येतं. रस्त्याच्या कडेला तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद चौकटींवर उन्हात वाळत ठेवलेला, त्यात मधे मधे फुलं पानं दाबलेली. आणि घराखाली माग. एक बाई सिन विणत होती, सिन म्हणजे तिथल्या बायका नेसतात तो कमरेचा वस्त्रप्रकार, खालच्या काठाला बारीक नक्षी असलेला. तिथल्या मागाची गंमत म्हणजे नक्षी मागातच साठवलेली असते. ताण्याच्या मागे उभ्या दोऱ्यांचा पडदा लोंबतोय आणि त्यात आडवे दोरे ओवलेले, प्रत्येक आडवा दोरा म्हणजे नक्षीची एक ओळ. ती बाई एक ओळ उचलायची, त्याप्रमाणे ताण्याचे धागे वर यायचे, रंगीत रेशीम हाताने मधून घालायची, फणीने ठोकायची, मग पुढची ओळ. एवढं सगळं होऊन कापड पुढे सरकायचं ते केसाएवढं. आम्ही उभ्या राहिलो, मग बसलो, तिने आमच्याकडे बघून हसून परत काम चालू केलं.

मैत्रीण एकदम म्हणाली, "मी आईचं कपाट अजून उघडलेलं नाहीये."

काकूंना जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. मी तेव्हा गेले होते तिच्याकडे, सगळे दिवस होते, डबे पोचवले होते, कागदपत्रांना मदत केली होती, पण याबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो. ती कामाला लागली, मी कामाला लागले, भेटलो की बाकीचं सगळं बोलायचो आणि हा विषय दोघी सांभाळून बाजूला ठेवायचो. मी काही बोलले नाही, तिचा हात धरला फक्त. ती त्या बाईच्या हातांकडे बघतच सांगत होती, की कपाटाची किल्ली कुठे आहे ते माहितीये, बाबा एकदाही म्हणाले नाहीत उघड म्हणून, की आत काय आहे ते तिला घडीसकट पाठ आहे आणि म्हणूनच उघडायचं नाहीये, कारण उघडलं की त्या घड्या कुणीतरी बदललेल्या होणार. फणीचा ठोका पडत होता मधे मधे. नंतर गेस्टहाऊसला येऊन व्हरांड्यात ती दुपारभर बोलली, आजारपणाचं, हॉस्पिटलमधल्या रात्रींचं, आणि मग हळूहळू आजारपणाच्या आधीच्या काकूंचं, त्यांच्या चिडण्याचं, नाटकाच्या वेडाचं, आणि मला पण कितीतरी आठवलं, कॉलेजमध्ये असताना त्यांनी आम्हाला दोघींना एकदा कसं झापलं होतं ते आठवून आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. अंधार झाला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.

मला खरंच वाटतं हे घरी झालं नसतं. घरी दोन तास असतात, त्यात मधे फोन, मधे उठून काहीतरी करायचं असतं. आणि धावत्या ट्रिपमध्येही झालं नसतं. अशा गोष्टी बाहेर यायला आधी बरेच रिकामे तास जावे लागतात.

क्वांग सी धबधब्याला गेलो, सगळे जातात, जायलाच हवं. गावापासून तीसेक किलोमीटर, शेअर व्हॅन मिळते. चुनखडीमुळे पाणी निळंहिरवं दिसतं आणि त्याच चुन्याचे थर साचून पायऱ्या पायऱ्यांची कुंडं झालीत, पोहता येतं, पाणी मात्र गार गार. पावसाळ्यात हाच रंग मातकट होतो. आत शिरताना अस्वलांचं आश्रयस्थान लागतं, शिकाऱ्यांकडून आणि पित्तासाठी अस्वलं पाळणाऱ्यांकडून सोडवलेली काळी अस्वलं, छातीवर चंद्रकोरीसारखा पांढरा पट्टा, लाकडी झोपाळ्यांवर पसरून झोपलेली. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर कुंडं जवळजवळ तुमचीच, दहानंतर गर्दी.

रात्री मुख्य रस्त्यावर बाजार भरतो, पाचच्या सुमाराला लाल निळे तंबू लागतात, ह्मोंग जमातीच्या बायका भरतकाम घेऊन जमिनीवर बसतात, आणि तिथे कुणी ओढून बोलावत नाही, भाव पण शांतपणे होतो. या बाजारात ॲल्युमिनियमचे चमचे, कडी, किचेन विकायला असतात आणि बरेच जण गंमत म्हणून उचलतात. त्यातल्या बऱ्याच वस्तू बॉम्बच्या आणि विमानांच्या भंगारातून ओतलेल्या असतात. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, सुमारे ५,८०,००० उड्डाणं, आणि लाओसबरोबर युद्ध जाहीरसुद्धा झालेलं नव्हतं. क्लस्टर बॉम्बमधल्या छोट्या बॉम्बपैकी साधारण ३० टक्के तेव्हा फुटलेच नाहीत, ते अजून शेतांत, जंगलांत पडून आहेत आणि आजही माणसं दगावतात, त्यात लहान मुलं बरीच. हे न फुटलेले बॉम्ब शोधून काढणाऱ्या यूएक्सओ लाओ या संस्थेचं गावात छोटं माहिती केंद्र आहे, तिथे एक तास द्या असं मी कळकळीने सांगेन. इतक्या शांत गावात बसून आपण आराम करतोय आणि याच देशातले लोक आज पण कुदळ मारताना जपून मारतात, हे माहीत असायलाच हवं. आम्ही त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

बार साडेअकराला बंद होतात. त्यानंतर ज्यांना झोप येत नाही असे सगळे बॅकपॅकर टुकटुकमध्ये कोंबून गावाबाहेरच्या बोलिंग ॲलीला जातात, ही तिथली जुनी पद्धतच आहे. एका रात्री आम्ही पण गेलो, मजा आली, पण खरं सांगायचं तर आम्हाला व्हरांडाच बरा वाटत होता.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात छान, फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत शेतं जाळल्याचा धूर भरतो आणि समोरचे डोंगर दिसत नाहीत, डोळे चुरचुरतात, दम्याचा त्रास असेल तर तेव्हा जाऊच नका. एप्रिलच्या मध्यावर लाओ नवीन वर्ष, गावभर पाणी उडवतात, ते हवं असेल तर खोली खूप आधी बघा. एक रात्र राहून पुढे पळणारे आम्हाला खूप भेटले, सकाळी धबधबा, संध्याकाळी टेकडी, दुसऱ्या दिवशी बाहेर. दोघं मिळून जात असाल तर पुढचं तिकीट आधीपासून काढून ठेवू नका आणि शक्यतो डॉर्म टाळा. डिसेंबर २०२१ पासून चीनला जोडणारी रेल्वे सुरू झालीये, त्यामुळे राजधानी व्हिएन्तियान आता दोन तासांच्या आत येतं, आधी याच अंतराला डोंगरातून बसने अख्खा दिवस जायचा. स्टेशन गावाबाहेर आहे, व्हॅनला वेळ धरून निघा, पासपोर्ट हाताशी ठेवा, आणि बॅग स्कॅन करतात तेव्हा चाकू, कात्री, स्प्रेचे डबे काढून घेतात, ते आधीच गेस्टहाऊसमध्ये कुणाला तरी देऊन टाका. आमची कात्री पेतांकवाल्या काकांच्या घरी गेली.